लॅमिंग्टन रोडचा जुना माल: विंडोज ९८ चा गेमिंग पीसी जुळवणाऱ्यांसाठी

कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, बोलण्यात लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरलं की चालत पोहोचता येतं. नवा लॅपटॉप, प्रिंटर, सीसीटीव्ही यांसाठी इथे रोज गर्दी असते. हे परीक्षण मात्र एकाच कामापुरतं आहे. साधारण १९९६ ते २००३ मधले गेम त्यांच्याच काळातल्या हार्डवेअरवर खेळायचे असतील, तर त्यासाठीचा पीसी या बाजारातून उभा राहतो का? राहतो. मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत बाजार बेभरवशाचा आहे. पण एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), केबल, अडॅप्टर, कॅपॅसिटर (बोर्डावरचे वीज साठवणारे छोटे डबे) आणि मुख्य म्हणजे सोल्डरिंगचं काम, यासाठी मुंबईत दुसरीकडे जायची गरज नाही.

जुनं मशीनच कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी एकच कारण पुरे आहे. त्या काळातल्या पुष्कळ सीडींवर नक्कल रोखणारं सेफडिस्क नावाचं कुलूप होतं आणि विंडोज १० पासून त्याचा ड्रायव्हर चालतच नाही. कपाटातली मूळ सीडी धडधाकट असते, पण गेम उघडत नाही. विंडोज ९८ सेकंड एडिशनवर तीच सीडी मुकाट चालते.

दुकानात शिरण्याआधी चिपसेट, म्हणजे बोर्डाचे भाग एकमेकांशी जोडणाऱ्या मुख्य चिपा, ठरवून जावा. "पेंटियम थ्री आहे का?" एवढंच विचारलं तर समोर बहुधा ऑफिसातून निघालेला इंटेल ८१० चा बोर्ड येतो. त्यात एजीपी, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा, स्लॉट नाही, ग्राफिक्स बोर्डावरच, म्हणजे गेमिंगसाठी तो बाद. पेंटियम ४ मध्ये हीच गत ८४५जीएल ची. मागायचा तो ४४०बीएक्स किंवा ८१५. बीएक्सवर बहुधा आयएसए हा आणखी जुन्या कार्डांचा स्लॉट मिळतो, त्यामुळे डॉसच्या गेमसाठी खरं साउंड ब्लास्टर १६ लावता येतं. ८१५ ला एजीपी ४एक्स आहे, पण रॅमची मर्यादा ५१२ एमबी. विंडोज ९८ ला त्याहून जास्त रॅम दिली तर उलट त्रास होतो, त्यामुळे ही मर्यादा आड येत नाही. २५६ एमबी उत्तम.

रॅममध्ये एक खोच आहे. बीएक्सला २५६ एमबीची पट्टी हवी असेल तर १६ चिपांचीच घ्यावी, दोन्ही बाजूंना आठ-आठ. एकाच बाजूला आठ चिपा असलेली २५६ ची पट्टी बीएक्सवर निम्मी, म्हणजे १२८ दिसते किंवा बोर्ड सुरूच होत नाही. दुकानदार फसवत असतो असं नाही, त्याच्या टेबलावरच्या नव्या बोर्डावर ती पूर्ण दिसलेली असते. एसडीरॅमला दोन खाचा, डीडीआरला एक. एवढं पाहिलं तरी चुकीची पट्टी हातात येत नाही.

या बाजारात "टेस्टिंग वॉरंटी" हा शब्द सतत ऐकू येतो. अर्थ एवढाच की घरी नेऊन लावा, ठरलेल्या दिवसांत चालला नाही तर बदलून देऊ. पण वीस वर्षांहून जुन्या मालात बदलून द्यायला दुसरा तसाच नग असतोच कुठे? म्हणून खरी वॉरंटी काउंटरवरच घ्यावी. पिशवीत स्वतःचं सामान न्यावं: नवा सीआर२०३२ सेल, चालू असल्याची खात्री असलेली १२८ एमबीची एक पट्टी, साधं पीसीआय ग्राफिक्स कार्ड, पीसीआयचं पोस्ट कार्ड (बोर्ड सुरू होताना कुठे अडकला त्याचा कोड दाखवणारं), छोटा स्पीकर आणि स्क्रू ड्रायव्हर. एसएमपीएस आणि मॉनिटर दुकानात मिळतात.

आधी नजरेने तपासा. प्रोसेसरच्या सॉकेटजवळचे कॅपॅसिटर डोक्यावर सपाट हवेत. किंचितही फुगवटा, तपकिरी डाग किंवा तळातून निघालेला चिकट थर दिसला तर किंमत दुरुस्ती धरून करायची. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष इलेक्ट्रोलाइटचे कॅपॅसिटर लाखो बोर्डांवर बसले, तेच हे. ३८६ किंवा ४८६ चा बोर्ड असेल तर निळी किंवा हिरवी पिंपासारखी बॅटरी पाहा. ती गळली की आजूबाजूचे ट्रॅक हिरवे पडतात आणि कीबोर्ड कंट्रोलरपर्यंतची वाट खाल्ली जाते. असा बोर्ड फुकट मिळाला तरच घ्यावा.

मग सेल बदला, सीमॉसचा, म्हणजे साठवलेल्या जुन्या सेटिंग पुसणारा, जंपर लावून काढा. फक्त प्रोसेसर, एक पट्टी आणि आपलं ग्राफिक्स कार्ड ठेवा, बाकी सगळं उतरवा. पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरने क्षणभर जोडा. बोर्ड सुरू करणारा बायोस अवॉर्डचा असेल तर एक लांब आणि दोन छोटे बीप म्हणजे ग्राफिक्स, लांब बीप थांबून थांबून परत परत म्हणजे रॅम. पोस्ट कार्डावर सी१ ला अडकला तर पट्टी किंवा तिचा स्लॉट. ०० किंवा एफएफ वरून हलतच नसेल तर प्रोसेसर कामाला लागलेलाच नाही. बहुतेक वेळा दोष मळलेल्या संपर्कांचा असतो. मुंबईच्या दमट, खारट हवेत पट्टीच्या सोनेरी पायांवर थर बसतो. पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून परत लावली की "नो डिस्प्ले" म्हणून बाजूला टाकलेला बोर्ड जागा होतो. हे अल्कोहोल याच रस्त्यावर बाटलीत मिळतं. बिजागरीला मारायचा तेलकट स्प्रे त्यावर कधीही मारू नये.

डिस्प्ले आला म्हणून पैसे काढायची घाई नको. फ्लॉपीवर किंवा सीडीवर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६+ ची जुनी आवृत्ती, उदाहरणार्थ ४.२०, न्यावी आणि एक पूर्ण फेरी चालू द्यावी. कॅपॅसिटर थकलेला बोर्ड बायोसच्या पडद्यावर तासभर शांत बसतो आणि ताण आला की पाच मिनिटांत लटकतो. एवढा वेळ चालवू द्यायला दुकानदार तयार नसेल तर दुकान बदलावं. चांगले दुकानदार स्वतःच "बसा, चालवून घ्या" म्हणतात. सकाळी सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला गेलं तर त्यांनाही सवड असते. रविवारी बहुतेक शटर खाली.

मोबदल्याबद्दल स्पष्ट मत: मेमटेस्ट पार केलेल्या, एजीपी असलेल्या बोर्डाला प्रोसेसरसकट दोन हजारांच्या आसपास देणं योग्य. न तपासलेल्याला त्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त नको.

एसएमपीएस नवा घ्यावा, पण डब्यावरचे "४५० वॅट" वाचून नाही. आत ५ व्होल्टला किती अँपिअर दिलेत ते पाहावं. आजचे सप्लाय १२ व्होल्टवर भर देतात, तर पेंटियम थ्री आणि ॲथलॉनचे पुष्कळ बोर्ड प्रोसेसरची वीज ५ व्होल्टमधून घेतात. पेंटियम थ्रीला १५ अँपिअर पुरतात, ॲथलॉन एक्सपीला २५ च्या पुढे हवेत. २४ पिनांचा प्लग २० मध्ये बसायला शेवटच्या चार पिना सुट्या होणारा असावा. दुकानातच हिरवी तार काळीला जोडून पंखा फिरवावा, एखादी जुनी हार्ड डिस्क भार म्हणून लावावी आणि मीटर धरावा: लाल तार ४.७५ ते ५.२५ व्होल्ट, पिवळी ११.४ ते १२.६, नारिंगी ३.१४ ते ३.४७. वजनाने हलका डबा परत ठेवावा.

परदेशातून भंगारात आलेल्या ब्रँडेड मशीनच्या एसएमपीएसमागे छोटं लाल बटण असतं. ते ११५ व्होल्टवर असेल आणि आपण २३० च्या सॉकेटला लावलं तर स्फोटासारखा आवाज येतो आणि सप्लाय जातो. वायर लावण्याआधी हे बटण पाहायचंच.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत सर्वाधिक निराशा होते. काउंटरवर फक्त "एनव्हिडिया, ३२ एमबी" एवढंच सांगतात, पण खरा फरक मेमरीच्या रुंदीत आहे. टीएनटी२ एम६४ आणि जीफोर्स२ एमएक्स २०० यांची मेमरी ६४ बिटची, म्हणून ती रखडतात. जीफोर्स२ एमएक्स ४०० बहुधा १२८ बिटचं असतं आणि विंडोज ९८ च्या बहुतेक गेमना पुरून उरतं. ड्रायव्हर ४५.२३ घालावा. एनव्हिडियाचा ९८ साठीचा शेवटचा ८१.९८, पण जुन्या कार्डांना तो जड जातो. थ्रीडीएफएक्स कंपनीचं वूडू कार्ड दिसलं तर थांबून पाहावंच. नीड फॉर स्पीड टू स्पेशल एडिशनसारखे गेम ग्लाइडवर, म्हणजे वूडूच्या स्वतःच्या ग्राफिक्स प्रणालीवर, जसे दिसतात तसे इतर कार्डांवर दिसत नाहीत.

एजीपी कार्डाच्या खाचा मोजल्याशिवाय लावू नये. मागच्या पत्र्याजवळची खाच ३.३ व्होल्टची, पत्र्यापासून लांबची १.५ व्होल्टची. बीएक्स ३.३ वर चालतो, पेंटियम ४ चा ८४५ फक्त १.५ वर. दोन्ही खाचा असलेलं कार्ड सगळीकडे जातं. काही कार्डांवर खाच चुकीची कापलेली होती आणि अशा कार्डांनी ८४५ चे बोर्ड जाळले आहेत. ८४५ साठी कार्ड घेताना म्हणून दुकानातल्याच ८४५ वर चाललेलं पाहावं.

साउंड कार्डं मात्र अजून स्वस्तात, ढिगाने मिळतात. साउंड ब्लास्टर लाइव्ह घेताना मागचा नंबर वाचावा. एसबी०२०० किंवा एसबी०२०३ असेल तर ते डेलसाठी बनवलेलं, चिप वेगळी, नेहमीचे ड्रायव्हर लागत नाहीत. डॉसचे गेमही खेळायचे असतील तर यामाहाची वायएमएफ७२४ चिप शोधावी. पीसीआय असूनही तिच्यात खरा ओपीएल३, म्हणजे जुन्या गेमचं संगीत वाजवणारा सिंथेसायझर, आहे, सूर अस्सल लागतात. दुकानदाराला तिची किंमत ठाऊक नसते, याचा फायदा घ्यायला हरकत नाही.

जुनी आयडीई हार्ड डिस्क घेऊच नये. कॉम्पॅक्ट फ्लॅशचं आयडीई अडॅप्टर आणि १६ किंवा ३२ जीबीचं कार्ड शांत, थंड आणि टिकाऊ. १९९९ च्या मध्यापूर्वीचे अनेक बायोस ३२ जीबीच्या पुढे गेलं की अडकतात, म्हणून लहानच बरं. ४० पिनांच्या अडॅप्टरला फ्लॉपीचा छोटा पॉवर प्लग लागतो, तो एसएमपीएसला नसेल तर दहा पावलांवर जोडतार मिळते. ८० तारांच्या केबलचं निळं टोक बोर्डात, काळं मास्टरला, करडं स्लेव्हला. डिस्कचे भाग पाडणाऱ्या एफडिस्कमध्ये मोठ्या डिस्कच्या प्रश्नाला 'वाय' म्हणा, पार्टिशन ॲक्टिव्ह करा, रीस्टार्ट करून फॉरमॅट करा. मग सीडीवरचं विन९८ फोल्डर कार्डावरच उतरवून तिथून सेटअप चालवा. पुढे प्रत्येक ड्रायव्हरला ते सीडी मागत बसत नाही.

आता या रस्त्याची खरी दौलत: जिने चढून वर गेल्यावरची दुरुस्तीची टेबलं. "चिप लेव्हल" काम करणाऱ्या या कारागिरांचा हात रोज लॅपटॉपवर चालतो आणि कॅपॅसिटर बदलणं त्यांना पाण्यासारखं सोपं जातं. पण काय लावायचं ते आपण सांगावं. साधारण १५०० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्ट, १०५ अंश, लो ईएसआर (आतला रोध कमी असलेले). व्यास ८ मिमी असेल तर पायांतलं अंतर ३.५, व्यास १० असेल तर ५ मिमी, नाहीतर सॉकेटच्या गर्दीत बसत नाहीत. प्रोसेसरच्या आउटपुटवर ८२० मायक्रोफॅरडचे पॉलिमर चालतात, कारण त्यांचा ईएसआर फारच कमी. नामांकित जपानी नावं छापलेले बनावट नग याच बाजारात आहेत, म्हणून लावण्याआधी ईएसआर मीटरवर दोन-चार मोजून घ्यायला सांगा. कारागीर मोजायला कंटाळत असेल तर काम दुसऱ्याला द्यावं.

बोर्ड देण्याआधी प्रत्येक कॅपॅसिटरचा जवळून फोटो काढा. ऋण बाजूची खूण बहुतेक बोर्डांवर रंगवलेल्या अर्ध्या वर्तुळाची असते, काहींवर नेमकी उलट. काम होताना एवढंच पाहा: बोर्डातल्या तांब्याचे थर उष्णता ओढून घेतात, त्यामुळे २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने छिद्रातला कथील वितळत नाही आणि जोर लावला की छिद्राची आतली कडी उपटून येते. आधी ताजं शिसेयुक्त कथील घालून, किमान ६० वॅटने, पाय गरम करत काढायला हवेत. या कामात लॅमिंग्टन रोडला पैकीच्या पैकी गुण.

टीव्हीला जोडायचे गेम आणि त्यांच्या कार्ट्रिजमागे वेळ घालवू नये. नव्याने येणाऱ्या डब्यांत सगळं एका चिपवर दाबलेलं असतं आणि आवाज बेसूर. सोबत येणारी बंदूक एलसीडीवर चालतही नाही, ती जुन्या पिक्चर ट्यूबच्या किरणाचा वेळ मोजते.

सीआरटी मॉनिटर इथे क्वचित. त्यासाठी चोर बाजारातली मटण स्ट्रीट पाहावी, शुक्रवारी तिथली नेहमीची दुकानं बंद असतात हे लक्षात ठेवून. ८०० बाय ६०० ला ८५ हर्ट्झ देतो का आणि पंधरा मिनिटांनी अक्षरं तितकीच रेखीव राहतात का, हे दोन्ही तपासा. फक्त कोपरे नव्हे, सगळाच पडदा धूसर होत असेल तर फ्लायबॅक (ट्यूबला उच्च दाबाची वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) थकलेला. असा मॉनिटर स्वतः उघडू नका, ट्यूबवर हजारो व्होल्ट साठलेले राहतात. पावसाळ्यात आणला असेल तर रात्रभर कोरड्या खोलीत ठेवून दुसऱ्या दिवशीच सुरू करा.