पिसवांची गॅरंटी आणि कार्डाची मागची बाजू

घरात मांजरं आहेत, पिसवा झाल्यात आणि कुणी ‘एका फवारणीत शंभर टक्के खात्मा’ म्हणून सांगतंय, तर त्याला आधी एवढंच विचारा: कोषातल्या पिसवांचं काय करणार? ‘त्याही मरतात’ असं उत्तर आलं तर नमस्कार म्हणून फोन ठेवा. हा प्रश्न आम्हाला मांजरांच्या डॉक्टरांनी शिकवला, पण तोवर साडेनऊ हजार रुपये गेले होते आणि आमची बिजली सलाईनवर होती.

आम्ही पुण्यात राहतो, जुन्या सोसायटीत, तळमजल्यावर. घरात शहाबादी फरशी आहे आणि सांध्यांतलं सिमेंट कधीच निघून गेलंय. दोन मांजरी: थोरली म्हाळसा, धाकटी बिजली. गणपती झाले आणि सासूबाईंच्या घोट्यांभोवती लाल पुटकुळ्या उठायला लागल्या. त्या म्हणाल्या डास. पण डास काय फक्त घोट्यालाच चावतो? मग म्हाळसाच्या शेपटीच्या मुळाशी बारीक फणी फिरवली तर कागदावर मिरपुडीसारखी काळी कणी पडली. ही कणी ओल्या कापसावर ठेवून बघायची. कडेनं तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मांजराचंच पचलेलं रक्त. साध्या मातीचा असा डाग पडत नाही. आमच्या कापसावर पडला.

सोसायटीच्या पत्रपेट्यांत त्याच आठवड्यात एक पत्रक पडलं होतं: हर्बल पेस्ट कंट्रोल, सरकारमान्य, लहान मुलं आणि पाळीव प्राण्यांसाठी पूर्णपणे सुरक्षित. नाव लिहीत नाही, कारण ही मंडळी नाव बदलतात आणि नंबर तोच ठेवतात. फोन केला, संध्याकाळी माणूस हजर. गोड बोलणारा. सासूबाईंना आजी, मला वहिनी, म्हाळसाला तर ‘काय राणीसाहेब’. एका फवारणीचे पंधराशे, पण वर्षाचा करार घेतला तर साडेसहा हजार, त्यात चार फवारण्या, आणि मधे एक जरी पिसू दिसली तरी फुकट येऊन मारणार. सोबत गुळगुळीत गॅरंटी कार्ड. पैसे मात्र कंपनीच्या खात्यावर नाही, त्याच्या स्वतःच्या मोबाईल नंबरवर. ‘कंपनीचं खातं अपडेट होतंय वहिनी.’

फवारायला आलेल्या पोराच्या तोंडाला ना मास्क, ना हातात मोजे. तपकिरी प्लॅस्टिकच्या बाटलीतून त्यानं पंपात औषध ओतलं. बाटलीवरचं लेबल खरवडून काढलेलं, डिंकाला कागदाचे तुकडे चिकटलेले होते. वास रॉकेलच्या जवळपास जाणारा. हे हर्बल कसं, असं विचारलं तर म्हणाला, कडुनिंबाचा अर्क आहे, उग्र असतोच. मांजरांना मी गॅलरीत कोंडलं होतं, त्यावर तो हसला, ‘राहू द्या की घरात, चाटलं तरी काही होत नाही.’ हॉलच्या मधोमध, स्वयंपाकघराच्या दारात, पॅसेजमध्ये फवारलं. दिवाणाखाली, सोफ्याच्या मागं, म्हाळसा जिथं दिवसभर लोळते त्या गाद्यांच्या घडवंचीखाली पंपाची नळी गेलीच नाही.

तरी दुसऱ्या दिवशी फरशीवर मेलेल्या पिसवा दिसल्या. आठवडाभर शांतता. सासूबाईंनी पाय खाजवणं सोडलं. आणि नेमका तेव्हा त्याचा फोन: ‘आहे का एक तरी? मग वहिनी, पाच स्टार आणि दोन ओळी टाका ना.’ मिस्टरांनी टाकल्या. त्याच्या पानावर अशा दीडशेच्या वर कौतुकाच्या ओळी होत्या, आणि आता माझी खात्री आहे की त्यातल्या बऱ्याचशा ह्याच आठवड्यात लिहून घेतलेल्या असणार. कौतुक वाचून माणूस निवडू नका. वाचायचंच असेल तर महिन्याभरानंतर कुणी काही लिहिलंय का ते शोधा.

हा सगळा धंदा कशावर चालतो ते नीट सांगते. आपल्याला उड्या मारताना दिसतात त्या पिसवा घरातल्या एकूण पिसवांच्या जेमतेम ५ टक्के. निम्मी असतात अंडी, ३५ टक्क्यांच्या आसपास अळ्या, आणि उरलेले १० टक्के कोषात. मादी रक्त प्यायल्यावर दिवस-दोन दिवसांतच अंडी घालायला लागते, दिवसाला ४०-५० पर्यंत. अंडी गुळगुळीत, मांजराच्या अंगावर टिकत नाहीत. मांजर जिथं झोपतं, जिथून उडी मारतं, तिथं गळतात. अळ्यांना उजेड नको असतो, त्या फटीत, गादीच्या शिवणीत, सतरंजीच्या विणीत शिरतात आणि वरून पडणारी तीच काळी कणी खाऊन वाढतात. पावसाळ्याची दमट हवा त्यांना मानवते. मग त्या रेशमाचा चिकट कोष विणतात, त्यावर धूळ बसते, आणि तो फरशीच्या फटीत शोधूनही सापडत नाही. फवारणीचं औषध ह्या कोषाच्या आत पोचत नाही. आतली पिसू महिनोन् महिने दम धरून बसू शकते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब आणि श्वास जाणवला की बाहेर उडी.

म्हणजे फवारणी झाली की वरच्या पिसवा मरणार, गिऱ्हाईक खूश होणार, आणि दोन-तीन आठवड्यांत कोषातली पुढची फळी बाहेर येणार. चांगलं काम करणारा माणूस हे आधीच सांगतो आणि दुसरी फेरी ठरवूनच जातो. ह्यानं तीच गोष्ट लपवली आणि दुसरी फेरी वेगळी विकली.

आमच्याकडेही तसंच झालं. पिसवा परत आल्या, आधीपेक्षा जास्त. पांढरे मोजे घालून हॉलमधून चक्कर मारली तर मोज्यावर ठिपके उडताना दिसायचे. त्याला फोन केला तर म्हणतो, ‘मांजरं बाहेरून आणतात, त्याला आम्ही काय करणार?’ आमच्या मांजरी उंबऱ्याबाहेर जात नाहीत, खिडक्यांना जाळ्या आहेत. मग म्हणाला, कार्ड बघा. कार्डाच्या मागं, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात: घरात पाळीव प्राणी असल्यास गॅरंटी लागू नाही. फवारणीनंतर २१ दिवस फरशी पुसल्यास गॅरंटी लागू नाही. पिसवांची गॅरंटी, आणि ती फक्त मांजर नसलेल्या, फरशी न पुसणाऱ्या घराला! सासूबाई म्हणाल्या, मग ह्याला बोलावणार कोण, भुतं?

भांडाभांडीनंतर तो ‘डबल डोस’ द्यायला तयार झाला, तीन हजार जादा. ‘आणि ह्यात मांजरांचंही औषध फ्री.’ तोच पोरगा आला. ह्या वेळी घडवंचीखालीही फवारलं, तेवढं मान्य करते. मग खिशातून छोटी पांढरी बाटली काढून सुईविना सिरिंजनं बिजलीच्या मानेवर औषध सोडलं. मिस्टर ‘हे काय आहे’ विचारेपर्यंत ते केसांत जिरलंही होतं. म्हाळसा कपाटावर चढून बसली, काही केल्या खाली येईना, म्हणून वाचली.

दोन-तीन तासांत बिजलीची लाळ गळायला लागली. मग कान फडफडायला लागले, मागचे पाय झटकायला लागली, आणि रात्री अंगभर थरथर. उचलली तर हाताला तापलेली. रात्रीचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, ‘काय लावलंत? बाटली कुठाय?’ बाटली पोरगा परत घेऊन गेला होता. त्याला फोन केला तर ‘कंपनीचा फॉर्म्युला आहे, नाव सांगता येत नाही.’ लक्षणांवरून डॉक्टरांनी पायरेथ्रॉइडची विषबाधा धरली: परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ह्या घराण्यातलं काहीतरी. ह्यातली औषधं कुत्र्यांच्या आणि गुरांच्या गोचिडांसाठी सर्रास मिळतात, आणि कुत्रा ती सहन करतो. मांजराच्या यकृतात ती मोडून बाहेर टाकणारी यंत्रणा फार कमजोर असते, म्हणून कुत्र्याला चालणारी मात्राही मांजराचा जीव घेऊ शकते. ‘अर्धं लावा’ हा सल्ला म्हणूनच घातकी आहे. कोमट पाण्यात, गरम नव्हे, भांड्यांच्या साबणानं मान धुतली, आकडी थांबवायची इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं. बिजली वाचली, पण घरी आली तेव्हाही तिचे मागचे पाय चालताना लटपटत होते.

आता मूळ उपाय. तो कंटाळवाणा आहे आणि त्यात कुणाला साडेसहा हजार मिळत नाहीत, म्हणून कुणी त्याची जाहिरात करत नाही. प्रत्येक मांजराला, एकीलाच नाही, डॉक्टरांनी वजन बघून दिलेले मानेवरचे थेंब: फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन, खोक्यावर मांजराचं चित्र असलेले. दर महिन्याला, निदान तीन महिने, पिसू दिसेनाशी झाली तरी. मांजर मग चालतं-फिरतं जाळं होतं. कोषातून निघालेली पिसू तिच्यावरच येते आणि अंडी घालायच्या आत मरते. बिजलीला हे थेंब ती पूर्ण बरी झाल्यावरच, डॉक्टरांना विचारून लावले. घरात रोज व्हॅक्यूम, विशेषतः फटी आणि दिवाणाखाली. त्याच्या हादऱ्यानं कोषातल्या पिसवा बाहेर येतात, म्हणजे पहिल्या दिवसांत त्या जास्त दिसल्या तर घाबरू नका. कचरा पिशवीत बांधून लगेच घराबाहेर. चादरी, अभ्रे कडक पाण्यात, गोधड्या कडक उन्हात. फवारणी करायचीच तर अळ्यांची वाढ रोखणारं औषध, मेथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सिफेन, मागून घ्या आणि पूर्ण वाळेपर्यंत मांजरं दुसरीकडे ठेवा. सासूबाईंनी झिरोच्या दिव्याखाली साबणाच्या पाण्याचं ताट ठेवलं. सकाळी त्यात पिसवा बुडालेल्या असायच्या आणि त्या मोजून आम्हाला आकडा सांगायच्या. ताटानं पिसवा संपत नाहीत, पण कमी होतायत का ते कळतं.

प्लगमध्ये लावायचं आवाजाचं यंत्र घेऊ नका, त्यानं पिसवा जात नाहीत. डांबरगोळ्या आणि टी ट्री तेल मांजरांना विषारी आहेत. फार लहान पिल्लांना थेंब आपल्या मनानं लावायचे नाहीत. त्यांना बारीक फणी आणि डॉक्टर, कारण खूप पिसवा झाल्या तर पिल्लाचं रक्त घटून ते दगावतं. मांजराच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी, पिसू गिळल्यानं होतो. त्याचं औषध वेगळं.

पैशांचं म्हणाल तर ‘सरकारमान्य’ ह्या शब्दाला हात घालायचा. कीटकनाशकं वापरून पेस्ट कंट्रोलचा धंदा करायला कीटकनाशके कायदा १९६८ आणि त्याखालच्या १९७१ च्या नियमांप्रमाणे परवाना लागतो, आणि तो राज्याच्या कृषी विभागाकडून मिळतो. आम्ही परवान्याचा फोटो मागितला तर त्यानं शॉप अ‍ॅक्टचा दाखला पाठवला. तो दाखला किराणा दुकानालाही मिळतो. औषधाची मूळ, लेबल असलेली बाटली डोळ्यांसमोर उघडायला सांगणं हाही तुमचा हक्क आहे. भारतात कीटकनाशकाच्या लेबलवर विषारीपणाचा रंगीत चौकोन असतो, लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लेबल खरवडायचं कारण बहुतेक तिथंच सापडेल.

परवान्याचा विषय लेखी काढल्यावर ‘गैरसमज झाला’ म्हणत त्यानं डबल डोसचे तीन हजार परत पाठवले. साडेसहा हजार आणि दवाखान्याचा खर्च अजून बाकी आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, कृषी विभागालाही अर्ज दिलाय. तिथं मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथं तक्रारीला फी नाही, मात्र घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि त्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आम्ही जपून ठेवलेत. दवाखान्याच्या कागदावर पहिल्यांदा नुसतंच ‘थरथर, ताप’ लिहिलं होतं; डॉक्टरांना विनंती करून ‘संशयित पायरेथ्रॉइड विषबाधा, बाहेरच्या व्यक्तीनं लावलेलं अज्ञात औषध’ असं तारीख-वेळेसकट लिहून घेतलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर हे त्याच रात्री लिहून घ्या.