युनिटाइम: सगळ्या विभागांचं एकच वेळापत्रक लावायला घेताना

युनिटाइम ही महाविद्यालयाचं वेळापत्रक लावणारी संगणक प्रणाली. ती मोफत आहे, मुक्तस्रोत आहे आणि अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात वर्षानुवर्षं घासूनपुसून तयार झालेली आहे. तिचा सॉल्व्हर, म्हणजे तास जुळवून वेळापत्रक लावणारा भाग, लिहिणाऱ्या टोमाश म्युलर यांनी २००७ च्या आंतरराष्ट्रीय वेळापत्रक स्पर्धेतल्या ३ पैकी २ गटांत पहिला क्रमांक मिळवला होता. त्यामुळे वेळापत्रक यंत्राला जमेल का, ही शंका सोडून द्या. घोडं अडतं त्याआधीच: कुठला हॉल कोणाचा, हे कागदावर आणताना.

आपल्याकडे विभाग खोल्या धरून बसतात. ‘हा हॉल आमचा’ म्हणजे नेमकं काय, हे युनिटाइम खोलीच्या ‘रूम शेअरिंग’ तक्त्यात विचारते. आडवे-उभे वार आणि वेळा, आणि प्रत्येक चौकटीत विभागाचं नाव, ‘सर्वांसाठी खुली’ किंवा ‘उपलब्ध नाही’ असं भरायचं. हा तक्ता भरताना बैठकीत जो वाद होतो तो होऊ द्यावा. सगळ्या खोल्या आपापल्या विभागाच्या नावाने रंगवल्या, तर केंद्रीय प्रणाली आणून जुनंच वेळापत्रक नव्या पडद्यावर दिसेल. मोठे हॉल तरी मध्यवर्ती ठेवावेत आणि त्यांतले तास सगळ्यांत आधी लावून घ्यावेत. पर्ड्यूचीही पद्धत तीच: आधी मोठे हॉल, मग विभागांचे तास.

दुसरी अडचण तासाच्या लांबीची. प्रणालीत दिवसाचे ५-५ मिनिटांचे २८८ तुकडे असतात आणि तास त्यांतूनच घडतो. ‘टाइम पॅटर्न’मध्ये, म्हणजे तासाचे वार आणि लांबी ठरवणाऱ्या साच्यात, एका तासाचे १२ तुकडे आणि सुट्टी १० मिनिटं असेल, तर तास ५० मिनिटांचा छापला जातो. तुमच्याकडे सलग ६० मिनिटांचे तास असतील तर सुट्टीच्या जागी ० भरा. नाहीतर विद्यार्थ्यांच्या हातात ‘१०:५० ला संपतो’ असा कागद जाईल आणि फोन सुरू होतील. ज्या महाविद्यालयांत ४८ मिनिटांचा तास चालतो तिथे खरी कसरत. १० तुकडे आणि २ मिनिटं सुट्टी दिली की लांबी बसते, पण ७:०० नंतर ७:४८ ला सुरुवात करता येत नाही, ७:५० धरावी लागते. अमेरिकी साच्यातले तयार पॅटर्न सोमवार-बुधवार-शुक्रवार ३ तास किंवा मंगळवार-गुरुवार २ तास असे असतात. शनिवार चालू असेल तर तो धरून नवे पॅटर्न आधीच करून ठेवा.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर केंद्रीय वेळापत्रकाची खरी गरज पडली ती ओपन इलेक्टिव्हमुळे, म्हणजे दुसऱ्या शाखेतून निवडायच्या विषयांमुळे. वाणिज्यचा विद्यार्थी कला शाखेचा विषय घेणार, तर दोन्ही शाखांची ती वेळ मोकळी हवी. बहुतेक ठिकाणी यावर उपाय म्हणजे सगळे इलेक्टिव्ह एकाच वेळी. ‘सेम टाइम’ हे बंधन लावून चालत नाही, कारण ते फक्त घड्याळातली वेळ जुळवतं, वार नाही. ‘सेम डेज-टाइम’ लावावं लागतं. आणि खोल्यांचा हिशोब आधी करावा: १,२०० विद्यार्थी, ६० ची तुकडी, म्हणजे एकाच तासाला २० खोल्या. तेवढ्या नसतील तर इलेक्टिव्ह दोन वेगवेगळ्या वेळांत वाटा, १०-१० खोल्यांत भागतं. यात सॉल्व्हरने चमत्कार करावा अशी अपेक्षा ठेवू नका.

प्रॅक्टिकलच्या बॅचेसचं काम मात्र झकास. ८० च्या वर्गाला लेक्चर एक आणि लॅब २० च्या ४, असं एकदा मांडलं की प्रत्येक बॅचचा विद्यार्थी आपल्या लेक्चरला आदळणार नाही याची काळजी प्रणाली घेते.

पसंतीच्या पायऱ्या ७ आहेत: ‘आवश्यक’पासून ‘निषिद्ध’पर्यंत, मध्ये तटस्थ. सगळ्यांत जास्त नासाडी इथेच होते. विभागप्रमुख प्रत्येक तासाला ‘आवश्यक’ लावतात आणि सॉल्व्हरला हलायला जागाच उरत नाही. ‘निषिद्ध’ राखून ठेवावं तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांसाठी; ते दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात असतात, ही आवड नव्हे, वस्तुस्थिती आहे. कायम प्राध्यापकाला सकाळचा पहिला तास नको असेल, तर ‘नकोसा’ पुरे.

चालवायचा क्रम सोपा आहे: माहिती लोड करा, सॉल्व्हर सुरू करा, थांबवा, जतन करा, मग ‘कमिट’. कमिट झालेलं वेळापत्रक इतर विभागांसाठी पक्कं समजलं जातं, म्हणून घाईने करू नये. जे तास लागलेच नाहीत त्यांच्यासाठी संघर्षांची आकडेवारी दाखवणारं एक पान आहे. तास कुठल्या वेळेला, कुठल्या दुसऱ्या तासामुळे वारंवार उखडला गेला, हे तिथे दिसतं. एवढं एक पान तरी विभागप्रमुखांना दाखवावं, ‘संगणकाने आमच्यावर अन्याय केला’ हे वाक्य अर्ध्यावर थांबतं. सत्राच्या मध्ये कोणी सोडून गेलं तर सगळं पुन्हा लावू नका. कमीत कमी तास हलवून जुळवणारी रीत आहे, ती वापरा.

परीक्षेचं वेळापत्रक आणि सभागृह आरक्षण हेही याच प्रणालीत येतं. पहिल्या वर्षी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

प्रणाली बसवायला जावा, टॉमकॅट (ती चालवणारा वेब सर्व्हर) आणि मायएसक्यूएल (माहिती साठवणारा डेटाबेस) जाणणारा माणूस हवा. टॉमकॅटला मेमरी वाढवून दिली नाही तर मोठ्या माहितीवर सॉल्व्हर मध्येच बसतो. सुरुवातीचं नाव आणि पासवर्ड दोन्ही ‘अ‍ॅडमिन’ असतात, ते त्याच दिवशी बदला. सोबत मिळणारी ‘वोबेगॉन कॉलेज’ची नमुना माहिती आधी खेळून पाहावी.

एकच इमारत, ४० प्राध्यापक आणि वेळापत्रक लावणारे एकच सर असतील, तर हा सगळा पसारा मांडूच नका. ‘एफईटी’ हे दुसरं मोफत सॉफ्टवेअर साध्या विंडोज संगणकावर चालतं, माहिती सीएसव्हीतून, म्हणजे एक्सेलमधून काढता येणाऱ्या साध्या तक्त्याच्या फाइलमधून घेतं. मात्र अनेक विभागांनी आपापल्या टेबलावरून एकाच वेळी माहिती भरायची सोय त्यात नाही.