बाळाच्या मालिशीचा व्हिडिओ: स्टुडिओतला सेट की राहतं घर?

तान्ह्या बाळाची मालिश आणि अंघोळ शिकवणारा व्हिडिओ करायचा म्हटलं की पहिला प्रश्न जागेचा. फ्लोअर, म्हणजे स्टुडिओतलं शूटिंगचं दालन, भाड्याने घ्यायचा की कुणाचं राहतं घर? मी दोन्हीकडे काम केलंय. कॅमेरा-माइकचं तुम्ही बघालच, ते सोडून बोलतो.

स्टुडिओची बाजू खरंच भक्कम आहे. हात कुठून कुठे फिरतोय हे दाखवायला वरून घेतलेल्या शॉटला पर्याय नाही आणि तराफ्यावर, म्हणजे दिवे लावायला छताखाली टांगलेल्या फळ्यांच्या मचाणावर, कॅमेरा टांगला की ते काम होतं. घरात छत इतकं खाली असतं की मालिश करणाऱ्या मावशींचं डोकंच फ्रेम खातं. सेटला चौथी भिंत नसते, त्यामुळे तीन कॅमेरे एकदम लावता येतात. बाळ काही रीटेक देत नाही, तेव्हा ही चैन नव्हे, गरज आहे. आणि शांतता! घरी नेमक्या चांगल्या टेकला शेजारचा कुकर शिट्टी देतो.

तरी माझा कल घराकडे झुकला. कारण क्षुल्लक वाटेल: सेटवर उताणं ठेवलेलं बाळ दिव्यांकडेच बघत राहतं. आई बोलतेय, खुळखुळा वाजवतेय आणि स्वारी वर बघण्यात गुंग. या वयाची बाळं उजेडाकडे आणि ठळक कडांकडे ओढली जातात, त्यात त्याचा काय दोष? पण मालिश शिकवणं म्हणजे निम्मं हेच असतं: बाळाच्या डोळ्यांत बघत बोलायचं, त्याने मान फिरवली की थांबायचं, ओठ काढले की हात हलका करायचा. बाळ छताकडे टक लावून असेल तर हा भाग दाखवायचा कसा? दिव्यांचा झोत थर्माकोलवर मारून परतवून पाहिला, उजेड अडवणारे काळे पडदे म्हणजे कटर उभे केले, उजेड गाळणारं पांढरं कापड म्हणजे स्किमर लावला. उजेड मऊ झाला, पण मग बाळाला तो पांढराशुभ्र स्किमरच आवडला! घरी पंख्याकडे बघतं म्हणा, पण आवाजासाठी पंखा तसाही बंद ठेवावा लागतो. खिडकीचा उजेड बाजूने आईच्या चेहऱ्यावर येतो आणि बाळ तिथे बघतं. मोजमाप केलेलं नाही. एडिटला बसल्यावर वापरण्याजोगे क्लोज-अप घरच्या फुटेजमध्येच जास्त निघाले, एवढंच.

अंघोळीचं थोडक्यात. पाय पसरून त्यांवर बाळ घेऊन घालायची अंघोळ सेटवर अवघड जाते. पाण्याचा निचरा नाही, जवळून केबली गेलेल्या, एसी चालू आणि बाळ उघडं. घरात मोरी आणि गिझर असतो.

खर्चात मात्र फसगत होऊ शकते. २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त कामाला लावता येत नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगीही लागते. जागा कुठलीही असो, हे आलंच. त्यातून झोप आणि दूध वजा करा. स्टुडिओत भाडं पूर्ण शिफ्टचं जातं, म्हणून उरलेल्या वेळात डॉक्टरांचं निवेदन आणि बाहुलीवरचं प्रात्यक्षिक उरकायचं. सेट सजवणारी मंडळी ‘बाळाची खोली’ म्हणून शेल्फवर दुधाची बाटली हमखास मांडतात, ती आधी उचलायला सांगा. बाटल्या आणि दूधभुकटीच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्याने मनाई आहे आणि स्तनपानावर बोलणाऱ्या डॉक्टरांना पाठीमागे ती बाटली चालणार नाही.

तुमच्या व्हिडिओत बोलणं जास्त आणि बाळ कमी असेल तर फ्लोअर घ्या, पैसे वसूल होतील. बाळच मध्यभागी असेल तर मी तरी रस्त्यापासून आत असलेलं, मोठ्या खिडकीचं घर शोधेन. घरच्या मीटरवर चालणारे दोन-तीन एलईडी पुरतात. सोसायटीच्या सेक्रेटरींना मात्र आदल्या दिवशीच भेटून घ्या.