अडखळणारे फोर-के व्हिडिओ आणि एमपीव्ही प्लेअर : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या घरातला लॅपटॉप सहाव्या पिढीच्या इंटेल आय-५ प्रोसेसरचा आहे. रॅम ८ जीबी असून वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. मोबाइलवर घेतलेले फोर-के व्हिडिओ त्यावर अडखळत, आवाज पुढे जाई आणि चित्र मागे राही. म्हणून गेल्या पावसाळ्यात मी विंडोजवर एमपीव्ही हा मोफत आणि मुक्तस्रोत प्लेअर बसवला आणि तेव्हापासून बहुतेक व्हिडिओ त्यावरच पाहतो.

फाइल मोठी असली की ती अडखळणारच, असा सर्वसाधारण समज असतो. तो फारसा खरा नाही. माझ्याकडची दोन तासांची २२ जीबीची एच.२६४ (चित्र दाबून साठवण्याची एक जुनी पद्धत) फाइल सुरळीत चालते, कारण तिला सेकंदाला जेमतेम ३ एमबी लागतात आणि जुनी हार्ड डिस्कही त्याच्या कितीतरी पट वेगाने वाचते. याउलट आठ मिनिटांची ३ जीबीची एचडीआर (उजेड-सावलीचे जास्त बारकावे टिपणारी) फाइल लॅपटॉपच्या नाकीनऊ आणते. अडचण डिस्कची नसून डिकोडिंगची, म्हणजे दाबून साठवलेले चित्र पुन्हा उलगडण्याची असते. हे काम ग्राफिक्स चिपमधल्या खास भागाने केले तर प्रोसेसर निवांत राहतो. त्याने हात वर केले तर सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि पंखा घरघरू लागतो.

हे काम नेमके कोण करत आहे, ते एमपीव्ही लगेच दाखवतो आणि मला त्याचा हाच गुण सर्वांत मोलाचा वाटतो. व्हिडिओ चालू असताना 'आय' ही कळ दाबली की कोडेक (चित्र दाबण्याची पद्धत), बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा), हार्डवेअर डिकोडिंग (म्हणजे ग्राफिक्स चिपकडून होणारे डिकोडिंग) चालू आहे की नाही आणि किती फ्रेम्स (व्हिडिओतली एकेक चित्रे) गळाल्या, हे सारे पडद्यावर येते. हार्डवेअर डिकोडिंग मुळात बंद असते. ते कायमचे चालू करण्यासाठी कॉन्फिग फाइलमध्ये (सेटिंगच्या मजकूर-फाइलमध्ये) 'एचडब्ल्यूडेक' या पर्यायापुढे 'ऑटो-सेफ' असे (अर्थात रोमन लिपीत) लिहावे लागते. नुसते करून पाहायचे असेल तर कंट्रोल आणि एच या कळा पुरतात. हा एक बदल केल्यावर ८-बिट एचईव्हीसी (एच.२६४ नंतरची पद्धत) फाइलच्या वेळी प्रोसेसरचा वापर शंभर टक्क्यांवरून दहाच्या आसपास आला आणि गळतीचा आकडा जागचा हलेनासा झाला. जुन्या चिपवर 'प्रोफाइल' या पर्यायाला 'फास्ट' ही किंमत दिल्यासही फरक पडतो, कारण चित्र घोटीव करण्याची जड प्रक्रिया त्यामुळे वगळली जाते.

१०-बिट, म्हणजे ८-बिटपेक्षा जास्त रंगछटा साठवणाऱ्या फाइलपुढे मात्र प्लेअरचे काही चालत नाही. सहाव्या पिढीच्या चिपमध्ये ८-बिट एचईव्हीसीची सोय आहे, पण १०-बिटची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आली. एव्ही१ या त्याहून नव्या पद्धतीसाठी तर अकरावी पिढी लागते. वर सांगितलेली एचडीआर फाइल १०-बिटच आहे; ती लावली की गळालेल्या फ्रेम्सचा आकडा डोळ्यांदेखत चढू लागतो. अशा फाइली मी हँडब्रेक या मोफत साधनाने रात्री एच.२६४ मध्ये, १०८० रिझोल्यूशनवर बदलून घेतो आणि मूळ प्रत जपून ठेवतो. ज्यांना नव्याने चित्रण करायचे आहे, त्यांनी मोबाइलमधले एचडीआर आधीच बंद करावे, हे अधिक सोपे.

कॅमेरा आडवा फिरताना दिसणारा बारीक धक्का हा वेगळाच प्रकार आहे. सेकंदाला २५ फ्रेम्सचा व्हिडिओ ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र ताजे करणाऱ्या पडद्यावर समान वाटला जात नाही, त्यामुळे एकही फ्रेम न गळता हा धक्का दिसतो. त्यासाठी संगणक बदलायला निघू नये.

उणीव सांगायची तर या प्लेअरला मेनू जवळजवळ नाहीतच. सेटिंग बदलायची म्हणजे साधी मजकूर-फाइल उघडून ओळी लिहायच्या, आणि ती फाइल विंडोजच्या लपवलेल्या 'अ‍ॅपडेटा' फोल्डरात असते. मला त्याचे काही वाटत नाही, पण आईने दोनदा प्रयत्न करून तो नाद सोडला. तिच्यासाठी मी जुना प्लेअर तसाच ठेवला आहे आणि त्याच्या सेटिंगमध्येही हार्डवेअर डिकोडिंग चालू करून दिले आहे. ८-बिट फाइलींपुरते तिचे काम तेवढ्यावर व्यवस्थित भागते.