गादी की मचाण? दहा कोंबड्यांचं बंदिस्त घर बांधण्याआधी

परसात आठ-दहा कोंबड्या पाळायच्या, मुंगूस आणि कुत्र्यांच्या भीतीने त्या मोकळ्या सोडायच्या नाहीत, आणि रोज खराटा घेऊन मागे लागायचंही नाही, असं ज्यांचं ठरलंय ते बहुतेक जण आधी जाळीचा भाव विचारतात. जाळीचं नंतर बघता येतं. आधी ठरवावं ते विष्ठा कुठे पडणार हे. दोनेक किलोची कोंबडी दिवसाला शंभर ग्रॅमच्या पुढे ओली विष्ठा टाकते, म्हणजे दहा कोंबड्यांची रोज किलोभर. ती जागच्या जागी जिरवली तर ती गादी पद्धत, फटींतून खाली पाडून गोळा केली तर मचाण.

गादीचं काम असं चालतं. जमिनीवर भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा चार ते सहा इंच पसरायचा. विष्ठा त्यात मिसळते, सुकते, हळूहळू कुजते. खालीवर करायचं काम निम्मं कोंबड्याच करतात. संध्याकाळी मूठभर बाजरी गादीवर फेकली की त्या सगळी जागा उकरून काढतात. तुम्ही आठवड्यातून एक-दोनदा दाताळं फिरवायचं, कमी झाली की वर नवं तूस टाकायचं, आणि वर्षाकाठी पूर्ण गादी काढून खताच्या खड्ड्यात घालायची. ताजी विष्ठा थेट झाडाला घातली तर मुळं करपतात. कुजलेल्या गादीचं खत वांगी-मिरचीला उत्तम.

गादीचा खरा शत्रू पाणी. मूठभर तूस हातात दाबा. मूठ उघडल्यावर भुगा मोकळा झाला तर ठीक, गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे. ओल्या गादीतून अमोनियाचा वास डोळ्यांत जातो आणि रक्ती हगवणीचे जंतू तिथेच वाढतात. अशा वेळी ओला भाग काढून टाकायचा, थोडा विरलेला चुना भुरभुरायचा आणि नवं तूस घालायचं. गादी उन्हाळ्यातच सुरू करावी, म्हणजे पावसापर्यंत तिच्यात कुजण्याची क्रिया नीट लागलेली असते. जुलैत नव्याने सुरू केलेली गादी सहसा चिखलच होते.

मचाणाचं घर जमिनीपासून दोन-तीन फूट उंच. तळाला बांबूच्या किंवा पोफळीच्या रिपा, मधे सुमारे इंचभर फट. विष्ठा खाली पडते, कोंबडीचा तिच्याशी संबंध तुटतो, त्यामुळे हगवण आणि जंताचा त्रास कमी. पावसाळ्यात खालून वारा खेळतो. ऐकायला हे फार सोयीचं वाटतं, पण इंचभर फटीतून साप सहज आत येतो. म्हणून तळाला अर्धा इंची जाळी ठोकली की विष्ठा त्या जाळीतच अडकून थर साचतो आणि मग ती खरवडत बसावं लागतं. त्यापेक्षा रिपा तशाच ठेवून मचाणाखालची जागा चारही बाजूंनी बारीक जाळीने बंद करावी आणि विष्ठा ओढायला तिला एक दार ठेवावं. तळाला नुसती तार मात्र वापरू नये. गिरिराज, वनराजसारख्या जड कोंबड्यांचे तळवे तिने फुटतात.

मचाणाची दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. कोंबड्या दिवसाही आतच राहणार असतील तर त्यांना चालायला-उकरायला अंगण लागतं, आणि ते जमिनीवरच असतं. रात्रीची विष्ठा मचाणाखाली गेली तरी दिवसाची अंगणात पडते. म्हणजे साफसफाईच्या दोन जागा झाल्या. दिवसभर कोंबड्या शेतात सोडणाऱ्याला मचाण शोभतं. पूर्ण बंदिस्त ठेवणाऱ्याने, माझं मत विचाराल तर, झोपायची जागा आणि अंगण मिळून एकाच छपराखाली गादीच करावी. दहा कोंबड्यांना 10 बाय 12 फूट जागा ऐसपैस होते. आत मधोमध साताठ फूट उंची हवीच. वाकून शिरावं लागणारं खुराडं कोणी वेळेवर साफ करत नाही.

कोकणात मी हे इतक्या ठामपणे सांगणार नाही. तिथे आडवा पाऊस, जमिनीला ओल. गादी करायचीच तर फूट-दीड फूट जोतं, त्यावर फूटभर भिंत, छपराच्या पाख्या तीन फूट बाहेर आणि पागोळ्यांचं पाणी वाहून न्यायला पन्हळ, एवढं सगळं लागेल. तेवढा खर्च नको असेल आणि कोंबड्या चार-पाचच असतील तर मचाण बरं, अंगणाची थोडी झाडलोट धरून. विदर्भ-मराठवाड्यात ओलीपेक्षा उन्हाची चिंता. घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा म्हणजे ऊन थेट आत येत नाही. पत्र्याला वरून चुना मारा किंवा उसाचं पाचट घाला.

जाळीत काटकसर नको. षटकोनी कोंबडी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्रं ती फाडतं. अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे तारा सांध्यावर जोडलेली चौकोनी जाळी, महाग पडते, पण मुंगूस, घूस, मोठे साप यांना अडवते; चिमण्याही बाहेर राहतात. खाद्यावर रानपाखरं उतरू नयेत हे 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आल्यानंतर तरी वेगळं सांगायला नको. कोबा नसेल तर जाळीचा दीड फूट पट्टा बाहेरच्या अंगाला जमिनीवर आडवा पसरून मातीने झाका. उकरणारा प्राणी भिंतीलगत उकरतो आणि जाळीवर अडकतो.

पाण्यासाठी उघडं भांडं गादीच्या घरात ठेवूच नका. झाकणाच्या गडद बादलीला खाली निपल (चोच मारली की थेंब सोडणारी तोटी) लावून ती कोंबडीच्या डोक्याच्या उंचीला टांगा. सांडणं जवळजवळ थांबतं. चार-पाच कोंबड्यांमागे अंड्याचा एक खोका, फूटभर लांब-रुंद, पुरतो. तो भिंतीला असा बसवा की झाकण बाहेरून उघडेल, आणि झाकणाला साध्या आकड्याऐवजी कडी-कोयंडा लावा.