भातासाठी पर्णरंग तक्ता: उपयुक्त, पण वाण पाहून वापरावा

पानाचा हिरवेपणा पट्ट्यांशी ताडून युरियाची गरज ठरवणारा, आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आशियात रूढ केलेला हा तक्ता अल्पभूधारकासाठी स्वस्त व खरोखर उपयोगी साधन आहे. पूर्ण उघडलेले सर्वांत वरचे निरोगी पान स्वतःच्या सावलीत धरून किमान दहा ठिकाणी पाहावे, एवढीच मेहनत.

उणीव मात्र गंभीर आहे. मी घेतलेल्या तक्त्यावर सर्व वाणांसाठी 4 हीच छटा मर्यादा (पान याहून फिकट दिसले तर युरिया द्यायचा, अशी खूण) म्हणून छापली होती; क्रमांक जितका मोठा तितकी छटा गडद. बासमतीसारख्या फिकट पानांच्या सुवासिक वाणांना सहसा 3 पुरते, आणि जादा युरियाने तेच पीक लोळते. युरियातून मिळणारे नत्र वापरण्याची क्षमता जनुकांतच भिनलेली असते: इंडिका व जॅपोनिका या भाताच्या दोन मुख्य प्रकारांपैकी इंडिकातील एनआरटी1.1बी जनुकाचे रूप जॅपोनिकातील रूपापेक्षा नायट्रेट (नत्राचे एक रूप) अधिक शोषून घेते, हे 2015 मध्ये सिद्ध झाले; तर आयआर8 सारख्या वाणांना बुटकेपणा देणारा एसडी1 जनुकातील बदल नत्रशोषण घटवतो आणि जीआरएफ4 जनुक ते सावरू शकतो, असे 2018 च्या संशोधनात दिसले. म्हणून वाणनिहाय मर्यादा छापलेला, प्लास्टिकचाच तक्ता घ्यावा. कागदी छपाईतील छटा विटतात आणि मग मोजमापच चुकते.