‘स्वाधार आल्यावर’: नंदनवनातील एका खानावळीविषयी

नागपूरच्या नंदनवन भागात, मुख्य रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, एका दुमजली घराच्या खालच्या मजल्यावर विद्यार्थ्यांसाठी घरगुती खानावळ चालते. दारावर पाटी नाही. चपलांची रांग दिसली की घर सापडले असे समजावे. माझा धाकटा भाऊ भिवापूर तालुक्यातून बी.एस्सी.साठी नागपुरात आला, शासकीय वसतिगृहात त्याला जागा मिळाली नाही आणि गेली दोन वर्षे तो दोन्ही वेळा येथेच जेवतो. मी नोकरीमुळे शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. रविवारी दुपारी त्याच्यासोबत मीही या पंगतीला बसते, त्यामुळे पुढचे सर्व स्वतः पाहून आणि खाऊन लिहीत आहे.

जेवण साधे आहे आणि मनापासून केलेले आहे. पोळ्या, वरण, भात, एक रस्सा भाजी आणि कांदा एवढे रोजचे ताट. हिवाळ्यात वांग्याचे भरीत, बुधवारी पाटवडी रस्सा, रविवारी दुपारी गोळाभात आणि त्यावर हिंगाची फोडणी दिलेले कडकडीत तेल. पोळ्या मोजून वाढत नाहीत, ही गोष्ट वाढत्या वयाच्या मुलांसाठी फार मोलाची आहे. महिन्याचे दर दोन वेळच्या जेवणासाठी ३,४०० रुपये आहेत. नाश्ता मिळत नाही.

हा दर महाग आहे की स्वस्त, हे ठरवण्यासाठी मी हॉटेलांशी तुलना करणार नाही, कारण येथे येणारी निम्म्याहून अधिक मुले ज्या पैशावर जेवतात त्या पैशाशीच तो ताडून पाहिला पाहिजे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाने जानेवारी २०१७ मध्ये भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणली आणि मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांसाठी वर्षाला भोजनभत्ता ३२,०००, निवासभत्ता २०,००० आणि निर्वाहभत्ता ८,००० असे एकूण ६०,००० रुपये ठरवले. याच खानावळीत २०१७ साली महिन्याला १,८०० रुपये घेत असत, हे खानावळ चालवणाऱ्या काकूंनी मला त्यांच्या जुन्या वहीत दाखवले. सत्र अकरा महिन्यांचे धरले तर तेव्हा वर्षाचे जेवण १९,८०० रुपयांत होत असे आणि भोजनभत्त्यातून नाश्ता, दूध, फळे यांसाठीही पैसे उरत. त्या वेळी ही रक्कम ठरवणाऱ्यांनी मुलांच्या पोटाचा नीट विचार केला होता, याबद्दल मला कृतज्ञता वाटते. आज त्याच अकरा महिन्यांचे ३७,४०० रुपये होतात. भावाच्या वाट्याचे खोलीभाडे, तिघे एका खोलीत राहूनही, महिन्याला २,५०० म्हणजे अकरा महिन्यांचे २७,५०० आहे. भोजनभत्ता आणि निवासभत्ता मिळून जेवणाला आणि खोलीला जवळजवळ १३,००० रुपये कमी पडतात, आणि आमच्या घरी ते आईच्या हंगामभराच्या मिरची तोडणीच्या मजुरीतून येतात.

काकूंना दोष देण्याचे काही कारण मला दिसत नाही. गॅस, तेल, डाळ यांच्या किमती त्यांनी वाढवलेल्या नाहीत.

या खानावळीचे खरे वैशिष्ट्य तिची उधारीची वही आहे. निळ्या पुठ्ठ्याच्या लांबट वहीत प्रत्येक मुलाचे एक पान असते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपासून अनेक पानांवर रकमेच्या जागी काकूंच्या अक्षरात ‘स्वाधार आल्यावर’ एवढेच लिहिलेले दिसते. पहिल्या वर्षी माझ्या भावाच्या पानावर हे शब्द सलग सहा महिने होते. त्याच्या महाविद्यालयाकडून उपस्थितीचा दाखला मिळायला पाच आठवडे लागले. नंतर असे लक्षात आले की त्याचा आधार क्रमांक गावच्या ज्या खात्याशी जोडलेला होता ते शाळेत असताना उघडलेले खाते व्यवहार नसल्यामुळे कधीच बंद पडले होते. पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात, ही पद्धत मधल्या हातांपासून वाचवते हे खरे, परंतु जोडणी चुकली की मुलाला कोणी सांगत नाही. या सहा महिन्यांत काकूंनी त्याचे ताट एकदाही थांबवले नाही. मी संकोचून विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “उपाशी पोट्टं पेपर काय लिहीन, बाई?”

मात्र काकूंचे औदार्य हा व्यवस्थेचा भाग मानणे मला चुकीचे वाटते. शासनाचा हप्ता येईपर्यंत वीस-बावीस मुलांच्या जेवणाचा खर्च एक गृहिणी किराणा दुकानातील स्वतःच्या उधारीवर उचलते. अनुदान सत्राच्या आरंभी मिळाले पाहिजे आणि त्याचा आकडा दरवर्षी महागाईशी जोडला पाहिजे. सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकानुसार वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, सुधारला जातो. म्हणजे मोजण्याची रीत शासनाकडे तयारच आहे, ती विद्यार्थ्यांच्या ताटाला लावायची आहे. इतर मागास प्रवर्गासाठी पुढे ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली, त्याचा मला आनंदच झाला, पण महानगरांसाठी आकडा तोच ६०,००० ठेवला गेला.

केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची गोष्ट अधिक बोचरी आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या योजनेत साध्या पदवी अभ्यासक्रमाला घरून ये-जा करणाऱ्या मुलास जुन्या दराने महिन्याला ३०० रुपये, म्हणजे दहा महिन्यांचे ३,००० मिळत. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत शैक्षणिक भत्ता म्हणून वर्षाचे ३,००० रुपयेच ठेवले आहेत. वसतिगृहातील मुलासाठी ५,७०० चे ६,००० झाले. शुल्काची भरपाई या योजनेतून होते आणि तिच्यामुळेच आमच्यासारख्या घरांतील मुले महाविद्यालयाची पायरी चढतात, हे मी नाकारत नाही. परंतु सावनेर किंवा उमरेडहून रोज एसटीने येणारा मुलगा वर्षाला ३,००० रुपयांत दुपारचे काय खाणार? अशी दोन मुले येथे फक्त दुपारी, अर्धा डबा वाटून घेऊन जेवतात. याशिवाय या योजनेची अडीच लाखांची उत्पन्नमर्यादाही वाढली पाहिजे. मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाच्या शुल्कमाफीसाठी राज्याने २०२४ मध्ये आठ लाखांची मर्यादा मान्य केली, तर येथे अडीच लाखांवरच का थांबावे?

खानावळीतील उणिवाही सांगायला हव्यात. रविवारी रात्री चूल बंद असते, त्यामुळे मुले बहुधा बिस्किटांवर झोपतात. महिनाअखेरीस वरण पातळ होते. मे महिन्यात त्या खोलीत एकच कूलर असतो आणि दुसऱ्या पंगतीला बसणाऱ्यांचे हाल होतात. पिण्याच्या पाण्याचा फिल्टर मात्र नियमित बदललेला दिसतो आणि ताटे गरम पाण्याने धुतली जातात.

नव्या सत्राची नावे जूनच्या अखेरीस घेतली जातात व जागा साधारण चाळीस मुलांपुरती आहे. अनामत रक्कम मागत नाहीत. प्रवेशाची पावती तेवढी सोबत न्यावी, कारण वहीत नवे पान उघडण्यापूर्वी काकू फक्त तीच पाहतात, आणि मुलाला दुपारचे तास कधी सुटतात हे विचारून त्याच्या पंगतीची वेळ पानाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवतात.